वाळूतला झारा: टिकाऊ कसा ओळखायचा?



आमचं कनेरगाव नाका म्हणजे हिंगोली-वाशीम रस्त्यावरचं, जिल्ह्याच्या अगदी टोकाचं गाव. समुद्र इथून इतका लांब की आमच्या बहुतेक मुलांनी तो पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत. तरीही आज मी तुम्हाला समुद्राच्या वाळूत वापरायच्या एका अवजाराबद्दल सांगणार आहे. "मॅडम, हे आपल्याला कशाला?" असं तुमच्या मनात येईल. आधी काय घडलं ते सांगते.

मागच्या सहलीत आम्ही गणपतीपुळ्याला होतो. संध्याकाळी पाण्याच्या कडेला मुलं पाय भिजवत होती. परत निघताना पाचवीतली एक मुलगी जागची हलेना. बऱ्याच वेळानं तिनं तोंड उघडलं. घरात न सांगता आजीची सोन्याची अंगठी घालून आली होती. बोटाला ढिली, म्हणून मागच्या बाजूनं दोरा गुंडाळलेला. दोरा भिजला, सुटला आणि अंगठी गेली.

आम्ही सगळे वाळू उकरत बसलो. तेवढ्यात मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारा एक पर्यटक तरुण मदतीला आला. त्यानं यंत्र फिरवलं, एका ठिकाणी तीन वेळा नेमका आवाज आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं पाठीवरचा प्लास्टिकचा झारा काढला, ओल्या वाळूत खुपसला, दांडा मागे दाबला. दुसऱ्याच खेपेला झाऱ्याची मान कडकन मोडली. मग आम्ही हातानं उकरू लागलो, पण खड्ड्यात पाणी भरायचं आणि कडेची वाळू आत ढासळायची. भरती चढत होती. अंधार पडला आणि आम्हाला एसटीकडे निघावं लागलं.

तो आवाज अंगठीचाच होता की बाटलीच्या झाकणाचा, हे आम्हाला कधीच कळलं नाही. त्या पोरीला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

शाळेत परतल्यावर मुलांचा एकच प्रश्न होता: "मॅडम, यंत्र एवढं भारी होतं, मग झारा कसा काय मोडला?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधत आम्ही दोन झारे बनवून घेतले. पहिला मोडला, दुसरा टिकला. त्यातून जे शिकलो ते इथे मांडते आहे. कोणी किनाऱ्यावर जाणार असेल, कोणाचे नातेवाईक कोकणात असतील, किंवा कोणाला वर्गात 'मिश्रणातले घटक वेगळे करणे' शिकवायचं असेल, त्यांना उपयोग होईल.

झारा करतो काय?

भजी तळताना आपण झाऱ्यानं भजी उचलतो, तेल खाली गळतं. वाळूच्या झाऱ्याचं काम तेच. वाळू गळून जाते, मोठी वस्तू राहते.

जुन्या काळापासून सोनारांच्या दुकानातला केर आणि राख धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्यांना आपल्याकडे झारेकरी म्हणतात. विदर्भात वैनगंगेच्या खोऱ्यात सोनझारी लोक नदीची वाळू धुऊन सोनं काढत. पण त्यांची रीत वेगळी. कण वाळूएवढाच बारीक असतो, तो चाळून वेगळा होणार नाही. म्हणून ते पाण्यात हलवून हलकी वाळू वाहू देतात आणि जड सोनं तळाला ठेवतात. १ घनसेंटिमीटर सोन्याचं वजन १९.३ ग्रॅम, तेवढ्याच वाळूच्या दाण्याचं साधारण २.६५ ग्रॅम. फरक केवढा बघा! मुलांना एका वाक्यात सांगा: कण असेल तर धुवायचं, अंगठी असेल तर चाळायचं.

आणि यंत्राचं काय? मेटल डिटेक्टरच्या गोल चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यात बदलती वीज सोडली की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. जवळ धातू आला की त्या धातूत छोटे प्रवाह फिरू लागतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि ते यंत्राला जाणवतं. म्हणजे यंत्र फक्त "इथे काहीतरी आहे" एवढंच सांगतं. ते 'काहीतरी' हातात आणून देणं झाऱ्याच्या हातात.

पहिली गोष्ट: मान बघा

झारा मोडतो तो बहुतेक वेळा टोपलीत नाही, दांड्यात नाही, तर दोघांच्या जोडावर. आम्ही त्याला मान म्हणतो.

का ते हिशेबानं समजून घ्या. १ लिटर कोरडी वाळू साधारण १.६ किलो भरते, पाण्यानं भिजलेली जवळपास २ किलो. ४ लिटरच्या टोपलीत म्हणजे ८ किलो ओली वाळू. शिवाय ओली वाळू टोपलीला धरून ठेवते, सहज सोडत नाही. आपण एक मीटर लांब दांडा मागे दाबतो तेव्हा तो तरफेसारखा काम करतो. हाताचा जोर कितीतरी पट होऊन मानेवर येतो. सब्बलीनं दगड उचकटताना जे होतं तेच.

आमचा पहिला झारा गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बनवला. मळणीयंत्राची एक जुनी चाळणी पडून होती, तिचा पत्रा वाकवून टोपली केली आणि मागच्या कडेला एका ठिकाणी पाइप जोडला. दिसायला झकास! शाळेत बांधकामाची वाळू उरलेली होती, तिच्यावर पाणी मारून आम्ही चाचणी घेतली. तिसऱ्या खेपेला टोपली लोंबकळायला लागली. गंमत अशी की वेल्डिंग तसंच शाबूत होतं. त्याच्या शेजारचा पत्रा भोकांच्या ओळीतून फाटला होता. पोस्टाच्या तिकिटांचं पान भोकांच्या रेषेवर फाटतं ना, अगदी तसा.

वेल्डिंगवाले काका म्हणाले, "मॅडम, जोड पक्का होता, पण ज्याला जोडला तोच कच्चा होता." मी ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं.

म्हणून झारा घेताना मानेशी हे बघा:

- टोपलीच्या तोंडाला आणि मागच्या बाजूला बिनभोकाची, सलग पट्टी आहे का? दांडा त्या पट्टीवरच जोडलेला हवा, जाळीवर नको.
- दांडा एकाच ठिकाणी जोडलाय की दोन? चांगल्या झाऱ्यात तो वरच्या कडेला आणि खाली तळाशी अशा दोन जागी पकडलेला असतो.
- कोपऱ्यात तिकोनी आधारपट्टी आहे का? दरवाजाच्या चौकटीला किंवा भिंतीतल्या मांडणीला आपण तिकोनी आधार देतोच की.
- वेल्डिंग सलग आहे की नुसते ठिपक्यासारखे टाके मारलेत? टाके जोडणी धरून ठेवण्यापुरते असतात, जोर सोसण्यासाठी नाही.

दुसऱ्या झाऱ्यात आम्ही हे सगळं केलं. तो अजून टिकून आहे.

दुसरी गोष्ट: धातू कोणता?

समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या विहिरीच्या पाण्यात वर्षभर टिकणारी वस्तू तिथे महिन्यात गंजू शकते.

*साधं लोखंड (एमएस):* स्वस्त, मजबूत, कुठल्याही दुकानात वेल्डिंग होतं. पण खाऱ्या पाण्यात झपाट्यानं गंजतं. नदीच्या किंवा कोरड्या वाळूसाठी ठीक.

*जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा:* मुलामा आहे तोवर गंज थांबतो. पण वेल्डिंग केलं की नेमका मानेशीच मुलामा जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. शिवाय मुलामा जळताना निघणारा धूर अंगाला बाधतो. मुलांना जवळ उभं करू नका.

*ॲल्युमिनियम:* हलकं, पण मऊ. त्यात स्टीलचे नटबोल्ट असतील तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंची जणू बॅटरीच तयार होते आणि बोल्टजवळचं ॲल्युमिनियम झिजत जातं.

*स्टेनलेस स्टील:* समुद्रासाठी हाच खरा पर्याय. ३०४ क्रमांकाच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मिठाचा मारा ते जास्त सोसतं. रोज खाऱ्या पाण्यात काम असेल तर ३१६ घ्या. वर्षातून दोनदा किनाऱ्यावर जाणार असाल तर ३०४ पुरेसं आहे, फक्त वापरल्यावर गोड्या पाण्यानं धुवा.

इथे एक सावधगिरी. "चुंबक चिकटला नाही, म्हणजे ओरिजिनल ३०४" असं दुकानात सर्रास सांगतात. हे अर्धसत्य आहे. निकेल कमी करून मँगनीज घातलेलं २०२ क्रमांकाचं स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. उलट खरं ३०४ सुद्धा वाकवलेल्या जागी थोडं चिकटू शकतं. चुंबकानं एवढंच कळतं की चांगलाच चिकटला तर ते ३०४ नाही. खात्रीसाठी बिलावर क्रमांक लिहून मागा.

बनवून घेणार असाल तर जिन्याचे एसएस रेलिंग करणाऱ्या दुकानात जा. स्टेनलेससाठी रॉडही स्टेनलेसचाच लागतो. साध्या लोखंडी रॉडनं जोडलं तर पत्रा चकचकीत राहतो आणि जोड गंजतो. म्हणजे परत मानच कच्ची!

*प्लास्टिक:* उन्हानं ते ठिसूळ होतं, ओल्या वाळूत मोडतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पण त्याचा एक मोठा फायदा आहे. डिटेक्टरला प्लास्टिक दिसत नाही. उचललेली वाळू झाऱ्यासकट यंत्रासमोर धरली की वस्तू आत आली की खाली राहिली ते लगेच कळतं. स्टीलचा झारा स्वतःच आवाज देतो, म्हणून त्यातली वाळू बाजूला ओतून तपासावी लागते. किनाऱ्यावरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूसाठी प्लास्टिकचा छोटा झारा वाईट नाही. भरतीच्या रेषेखाली मात्र तो नेऊ नका.

तिसरी गोष्ट: भोकं केवढी?

इथे मुलांनी माझ्यापेक्षा चांगलं डोकं लावलं. मी त्यांना नाणी आणि पट्टी दिली. २०११ च्या मालिकेतलं १ रुपयाचं नाणं २२ मिमी, २ रुपयांचं २५ मिमी, १० रुपयांचं २७ मिमी व्यासाचं. मोठ्या माणसाची अंगठी बाहेरून साधारण २० मिमी. म्हणजे १० ते १२ मिमीच्या गोल भोकातून नाणंही जाणार नाही आणि अंगठीही नाही.

"पण मॅडम, नाणं उभं केलं तर?" एकानं विचारलं. मग आम्ही पुठ्ठ्यात एक १२ मिमीचं गोल भोक पाडलं आणि एक लांबट फट कापली. गोल भोकातून नाणं कसंही धरलं तरी जाईना, कारण उभं धरलं तरी त्याची रुंदी २२ मिमीच. फटीतून मात्र सट्‌कन खाली. म्हणून टिकाऊ झाऱ्यालाही लांब फटी असतील तर तो माझ्या मते बाद.

कानातलं बारीक फूल किंवा नथीचा मोती शोधायचा असेल तर ५-६ मिमी भोकं लागतात. पण मग वाळू सावकाश गळते, ओझं जास्त वेळ उचलून धरावं लागतं आणि मानेवर ताण वाढतो. बारीक साखळीचं तर विचारूच नका, ती दोरीसारखी भोकातून ओघळते. तिथे झारा फार हलवायचा नाही, वाळू पाण्यातच हळूहळू गळू द्यायची.

भोकांची मांडणीही बघा. १० मिमीची भोकं १४ मिमी अंतरावर समोरासमोर पाडली तर पत्र्याचा साधारण ४० टक्के भाग मोकळा राहतो. तीच भोकं मधमाशीच्या पोळ्यासारखी तिरकी पाडली तर ४६ टक्के. दोन भोकांमधला पत्रा तेवढाच, पण वाळू लवकर गळते. सहावी-सातवीच्या मुलांना हे गणित घालून पाहा.

आणि झारीतले शुक्राचार्य विसरू नका! शंखशिंपल्यांचे तुकडे नेमके भोकात अडकून बसतात. भोकांच्या कडा आतून गुळगुळीत असतील तर ते बोटानं सुटतात. कडा धारदार असतील तर तुकडाही निघत नाही आणि बोटही कापतं.

चौथी गोष्ट: ओठ, दांडा, वजन

टोपलीचा पुढचा ओठ वाळूत घुसतो, सगळ्यात आधी तोच झिजतो. तिथे पत्रा दुहेरी किंवा जाड हवा. बाकी टोपलीला दीड ते दोन मिमी जाडी पुरते.

पाण्यात उभं राहून काम करायचं तर दांडा छातीपर्यंत यावा. कोरड्या वाळूत गुडघ्यावर बसून काम करायला हातभर दांडा बास. पाइपाची जाडी २५ मिमीऐवजी ३२ मिमी घेतली, तर पत्रा तेवढाच असूनही दांडा जवळपास दुप्पट ताठ होतो. पाइपाचं वरचं तोंड बंद करा आणि खाली एक छोटं भोक ठेवा, नाहीतर खारं पाणी आत साचून पाइप आतून कुजतो.

मजबुतीच्या नादात झारा फार जड करू नका. रिकामा झाराच ४ किलोचा असेल तर दहा खेपांत माणूस थकतो आणि अकरावी खेप टाळतो. अंगठी अकराव्या खेपेत असली तर?

वर्गात करून पाहा

१. *पट्ट्यांचा खेळ:* कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. एकीला मधोमध पंचिंग मशीननं भोकं पाडा. दोन्ही ओढा. कुठून फाटते ते मुलांना आधी अंदाजानं सांगू द्या.

२. *चार पेले:* प्रत्येक पेल्यात २०० मिली पाणी आणि ७ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राइतकं खारट. एकात लोखंडी खिळा, दुसऱ्यात जस्ताचा मुलामा दिलेला खिळा, तिसऱ्यात स्टीलचा चमचा, चौथ्यात लोखंडी खिळ्याला गुंडाळलेली ॲल्युमिनियमची तार. आठवडाभर रोज निरीक्षण लिहायला लावा.

३. *पुरलेली नाणी:* घमेल्यातल्या वाळूत १० नाणी पुरा. पुरणाची चाळण, गव्हाची चाळणी, पिठाची चाळणी, तिघींना किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजा.

४. *चुंबक:* तीच नाणी चुंबकानं काढून बघा. १ आणि २ रुपयांची स्टीलची नाणी चिकटतील. सोनं, चांदी, पितळ चिकटणार नाही. घाटावर दोरीला चुंबक बांधून नाणी काढणाऱ्या मुलांना अंगठी का सापडत नाही, ते मुलं स्वतःच सांगतील.

एक विनंती. हे प्रयोग शाळेतल्या वाळूवरच करा. मुलांना पैनगंगेच्या पात्रात नेऊ नका. वाळू उपसलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत.

थोडे नियमही सांगा

किनाऱ्यावर केलेला खड्डा बुजवूनच पुढे जायचं. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तिथे उकरायचं नाही. खड्ड्यात पडलेलं कासवाचं पिल्लू वर येऊ शकत नाही. किल्ले आणि संरक्षित स्मारकांच्या आवारात खणायला कायद्यानं बंदी आहे. जमिनीत पुरलेलं जुनं धन सापडलं आणि त्याची किंमत १० रुपयांहून जास्त असेल, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि कालपरवा कोणाची हरवलेली वस्तू सापडली तर ती आपली नसते. पोलीस ठाण्यात द्यायची. तीही कोणाच्या तरी आजीची असेल.

शेवटी

त्या मुलीनं सहलीहून आल्यावर दोन दिवसांनी घरी खरं सांगितलं. आजी शाळेत आल्या. मी बोलणी खायच्या तयारीनं उभी राहिले. त्या म्हणाल्या, "अंगठी गेली ते गेली. पण लेकरू दोन दिस जेवलं नाही, ते आधी सांगायचं की ओ मॅडम." मला उत्तर सुचलं नाही. मला त्याच रात्री फोन करायला हवा होता.

पुढच्या सहलीच्या सूचनापत्रात आता दोन ओळी वाढल्या आहेत. एक, मुलांनी दागिने घालून येऊ नये. दोन, काही हरवलं तर लगेच सांगावं, कोणी रागावणार नाही.

दुसरा झारा वर्गातल्या खुंटीला टांगलेला आहे. त्याच्या मानेवरची तिकोनी पट्टी त्या मुलीनं स्वतः कागदावर काढून दिली होती. पुढच्या वेळी तो आमच्याबरोबर एसटीत असेल. अंगठी सापडेल असं मी मुलांना सांगितलेलं नाही. पण आवाज आला तर तो कशाचा होता, एवढं तरी आम्हाला नक्की कळेल.

तुम्ही झारा विकत घ्या किंवा बनवून घ्या, आधी मान तपासा. आणि चार पेल्यांचा प्रयोग केलात तर सातव्या दिवशी मुलांनी काय लिहिलं, ते जपून ठेवा.